शेवंतीचा पाय

घोडी लंगडत नव्हती. जटपुरा गेटाच्या अलीकडे रिक्षा अडकली म्हणून कमळा उतरली, पदराने मानेवरचा घाम पुसत गर्दीतून वाट काढू लागली, आणि बँडवाल्यांच्या मागे ती पांढरी घोडी चालत येताना तिला दिसली, तेव्हा तिच्या मनात आधी उमटलं ते हेच. पुढचा डावा पाय नीट पडत होता. खूर उचलला जात होता, डांबरावर टेकत होता, आणि टेकताना मान झुकत नव्हती. ही आपल्या भावाची शेवंतीच, याबद्दल तिला शंका नव्हती. कपाळावर झालर होती, पाठीवर लाल मखमल होती, तरी उजव्या कानाच्या टोकाची खाच दिसत होती आणि नाकपुड्यांवरचे गुलाबी डागही. हाच पाय गेले कित्येक रविवार तिने गुडघ्यावर घेऊन चाचपला होता. तिला आनंद झाला. खरोखरच झाला. वॉर्डातला अंथरुणाला खिळलेला माणूस एखाद्या सकाळी आपल्या पायांनी नळावर जाऊन चूळ भरताना दिसावा, तसा. बँडची एक चाल संपून दुसरी सुरू होईपर्यंत तो टिकला असेल. मग तिला आठवलं. मागच्या रविवारी हा पाय जमिनीला नीट टेकतही नव्हता. पायामागची सुजलेली शीर एवढ्यात बरी होत नाही. माणसाची होत नाही, घोडीची कशी होईल?

मे महिन्यातली संध्याकाळ होती. ऊन उतरलं होतं, पण गेटाच्या दगडातून दिवसभराची धग अजून बाहेर पडत होती. कमळा सरकारी दवाखान्यातली ड्युटी संपवून, तिथेच साडी बदलून, याच लग्नाला निघाली होती. नवरदेव नागसेन तिच्या माहेरच्या गावचा, गोंडपिपरीकडचा. वस्तीतल्या बायनाबाईचा एकुलता एक मुलगा. नवरी चंद्रपूरची, म्हणून लग्नही चंद्रपूरला. नागसेनच्या वरातीला शेवंती नसणार, हे मागच्या रविवारीच ठरलं होतं. कमळासमोरच सोमाजीभाऊने बायनाबाईला सांगितलं होतं, घोडीचा पाय दुखावला आहे, बल्लारपूरच्या एकाशी बोलून दिलं आहे, त्याची घोडी येईल. बायनाबाईने शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि म्हणाली होती, "हिच्याच पाठीवर बसंल म्हून मी मनात धरलं होतं बाप्पा. जाऊ द्या. मुक्या जनावराले तरास नाई द्याचा." एवढं बोलून ती निघून गेली होती, आणि सोमाजी बराच वेळ मोहाच्या झाडाखाली उभा राहिला होता.

कमळा दर रविवारी गावी जाऊ लागली त्याला आता काही वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावर, चंद्रपुरातल्या तुकूममधल्या दोन खोल्यांत रविवारची दुपार तिला खायला उठायची. सुरुवातीला ती नुसतीच जायची. मग एकदा सोमाजीच्या गाईची कास सुजली. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि इंजेक्शन रोज कोण टोचणार हा प्रश्न आला. सोमाजी सापाला शेपटीला धरून शेताच्या धुऱ्यापलीकडे फेकणारा माणूस, पण सुई पाहिली की तोंड फिरवायचा. तेव्हा वहिनी, ठमाबाई, हसत म्हणाली होती, "घरात नर्सबाई असताना कोनाले हुडकता?" कमळाने गाईला हात लावला तेव्हा तिला जरा भीतीच वाटली. कातडी जाड. सुई आत जाताना हाताला वेगळाच जोर लागला. पण गाईने नुसतं कातडं थरथरवलं, माशी बसल्यासारखं, आणि मान वळवून कमळाकडे पाहिलं. त्या पाहण्यात तक्रार नव्हती आणि आभारही नव्हते. वॉर्डात सुई टोचली की माणसं काहीतरी म्हणतात. आई गं म्हणतात, हळू म्हणतात, सिस्टर तुमचा हात हलका आहे म्हणतात. गाय काही म्हणाली नाही. कमळाला ते फार आवडलं होतं. पुढे ते सगळं कामच तिच्याकडे आलं. शेळ्यांना जंताचं औषध, बैलाच्या खांद्यावरच्या जखमेला मलम, गुळात लपवून द्यायच्या अंगठ्याएवढ्या गोळ्या. पातळ औषध मात्र ठमाबाईच पाजायची. जनावराची मान फार वर करायची नाही, जीभ धरायची नाही, घोट घोट सोडायचं, नाहीतर औषध छातीत उतरतं, हे तिच्या हातालाच ठाऊक होतं. संध्याकाळच्या बसने परतताना कमळाच्या हातांना गुरांच्या कोठ्याचा, कुटाराचा, जनावरांच्या घामाचा वास यायचा. घरी गेल्यावर ती हात लगेच धुवायची नाही.

आणि आता तीच कमळा वरातीच्या कडेने, नाचणाऱ्या पोरांचे कोपर चुकवत, घोडीच्या दिशेने चालली होती. सोमाजी लगाम धरून होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला निळा फेटा. त्याने तिला पाहिलं आणि नजर शेवंतीच्या खुरांकडे नेली. लहानपणी आईने काही विचारलं की तो असाच पायांकडे बघायचा. कमळा त्याच्या बाजूला येऊन चालू लागली. वर नागसेन बसला होता, चेहऱ्यावर फुलांच्या माळा, हातात छोटी कट्यार. त्याने माळा बाजूला करून "आत्या" म्हटलं आणि हसला. कमळाही हसली. मग तिने मखमलीखाली हात घातला, शेवंतीच्या मानेवर ठेवला आणि मायेने फिरवत नेला. घोडीचं अंग ओलं, गरम. मानेच्या मध्यावर, केसांच्या रेषेजवळ, बोटांना एक गाठ लागली. बोराएवढी. कढत. बोटं तिथे थांबली. ही तिची जागा नव्हती. ती खाली टोचायची, खांद्याच्या पुढच्या त्रिकोणात, गुरांच्या डॉक्टर मॅडमनी दाखवलेल्या ठिकाणी, आणि तिच्या सुईने अशी गाठ कधी आली नव्हती.

"काऊन गा भाऊ," ती त्याच्या कानाशी म्हणाली. बँडमुळे तिला जवळजवळ ओरडावंच लागलं. "हे का केलं तू?"

"बल्लारपूरवाल्याची घोडी आलीच नाई. सकाळी फोन आला त्याचा. बायनाबाई दारात येऊन बसली, बोले बी नाई, नुसती रडे. मी का करू?"

"कोनं टोचलं हिले?"

सोमाजीने लगाम दुसऱ्या हातात घेतला. "मीनंच," तो म्हणाला. "तुनं फ्रीजमंदी ठेवलेल्या दुखन्याच्या शिशीतलं. ठमीनं मुंडकं धरलं."

ज्या माणसाने आजवर सुईकडे पाहिलं नाही, त्याने आज सकाळी कोठ्यात उभं राहून सिरिंज भरली असेल. हवा काढली असेल की नाही? डोळे मिटले असतील का? कमळाचा राग येता येता अडखळला.

"किती भरलं?"

"तू देत होती त्याच्यापरीस थोडं जास्त. थोडंसंच." मग तो तिच्याकडे वळला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "आता नाई दुखून राह्यलं तिले. पाह्य ना, कशी चालते थे."

शेवंती खरंच सुरेख चालत होती. ढोल घुमला तसे तिचे कान पुढे झाले, मान कमानीसारखी वळली, आणि कोणी इशारा न करता तिने पुढचे पाय उचलून तालावर दोन-चार पावलं टाकली. गर्दीतून शिट्ट्या आल्या. कमळाच्या अंगावर काटा आला. तिला हे रूप माहीत होतं. पोटदुखीने तळमळणारा माणूस इंजेक्शननंतर असाच उठून बसतो, पोरांची नावं घेतो, जेवायला मागतो, आणि त्याच्या पोटात जे चाललेलं असतं ते तसंच चालू असतं. तिचा आणि सोमाजीचा बाप, लटारू, नांगरताना पाय मुरगळला तेव्हा ओट्यावर पाय पसरून बसला होता. कमळा नर्सिंगच्या पहिल्या वर्षात होती, उत्साहाने गोळ्या घेऊन आली होती. बाप म्हणाला, "नोको. दुखते म्हून त बसलो हावो. नाई दुखलं त आताच धानाच्या बांधीत जाईन." ती तेव्हा चिडली होती. अडाणीपणा म्हणाली होती. आता ढोलाच्या गदारोळात तिला बापाचा तो पसरलेला, काळा, टाचेला भेगा पडलेला पाय इतका स्पष्ट दिसला की तिने शेवंतीच्या मानेवरचा हात घट्ट केला.

उतरव त्याला, एवढंच म्हणायचं होतं. नागसेनला सांगायचं, बाळा, खाली उतर, घोडीचा पाय बरा नाही. एका वाक्याचं काम. ती वर बघायची, तोंड उघडायची, आणि शब्द मागे जायचे. कारण घोड्यावरून उतरवणं हे तिच्या घरात, त्यांच्या वस्तीत, साधं वाक्य नव्हतं. नागसेनच्या बापाच्या वरातीला चंद्रपूरहून घोडा आणला होता. सोमाजी तेव्हा विशीतला, दोस्ताचा लगाम आपणच धरणार म्हणून हट्टाने पुढे झालेला. गावाच्या शिवेवर मोठ्या घरांतली चार माणसं उभी होती. त्यांनी मारलं नाही, शिवीही दिली नाही. फक्त म्हणाले, उतर. शांतपणे म्हणाले. नवरदेव उतरला, घोडा परत गेला, आणि वरात मागच्या वाटेने, उकिरड्यावरून, पायी वस्तीत आली. त्या रात्री सोमाजी जेवला नव्हता. तो दोस्त पुढे तापात गेला, नागसेन तेव्हा पाळण्यात होता. आणि बऱ्याच वर्षांनी, धानाचं एक बरं पीक हाती आल्यावर, सोमाजीने कोणालाही न विचारता शेवंतीला घरी आणलं. ठमाबाई म्हणाली, हिचं काय करू, दूध देत नाही, नांगराला चालत नाही. तो म्हणाला, पोरं बसतील. तेव्हापासून वस्तीतलं एकही पोर पायी गेलं नव्हतं, आणि गावाची शीव तिथेच होती, पण तिथे आता कोणी उभं राहत नव्हतं.

आणि त्या उतरवलेल्या नवरदेवाच्या मुलाला भर रस्त्यात, जटपुरा गेटाच्या खाली, शेकडो लोकांच्या देखत कमळाने म्हणायचं, उतर? एवढ्यात बायनाबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. कोरं पांढरं लुगडं, घामाने भिजलेलं तोंड. तिने कमळाचे दोन्ही हात धरले. "पाह्यलं का बाई? शेवंतीच आली. सोमाजीभाऊनं बोल राखला. याचा बाप असता त..." आणि तिने वर नागसेनकडे पाहिलं. कमळा म्हणाली, "हाव, आली." तिच्या लक्षात आलं, आपण ठरवलं. काहीच न म्हणता ठरवून टाकलं. मग तिने जे करता येण्यासारखं होतं ते केलं. बँडवाल्याला गाठून सांगितलं, घोडी नाचवायची नाही, ढोल जरा पुढे न्या, वळसा न घेता सरळ हॉलवर चला. नाचणारी पोरं कुरकुरली. ती दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "चला, पुढे चला," आणि पोरं चालली. बाकी सबंध रस्ता ती शेवंतीच्या डाव्या बाजूने, हात मानेवर ठेवून, प्रत्येक पावलाला त्या पायाकडे बघत गेली. पाय कुठेही चुकला नाही. प्रत्येक नीट पडलेलं पाऊल तिला आतून टोचत होतं.

हॉलच्या मागे मोकळी जागा होती. नागसेन उतरून आत गेला, सोमाजीने मखमल काढली, झालर सोडली. साज उतरल्यावर शेवंती एकदम लहान दिसली. कमळा खाली बसली आणि तिने पाय हातात घेतला. गुडघ्याखालचा भाग तापलेल्या तव्यासारखा होता. कोपऱ्यातल्या नळाला लांब पाइप होता. तिने तो ओढून आणला आणि सोमाजीने काही न विचारता नळ सोडला. पाणी आधी कढत आलं, मग कोमट, मग गार. आतून बुद्धवंदनेचे संथ स्वर ऐकू येत होते, शेकडो माणसांचा मिळून झालेला एकच आवाज, आणि बहीणभाऊ चिखलात उभे राहून घोडीच्या पायावर पाणी सोडत होते. "तू आत जा," सोमाजी म्हणाला, "बायनाबाई हुडकत असंल तुले." ती म्हणाली, "तू जा." दोघंही गेले नाहीत. थोड्या वेळाने शेवंतीने तो पाय उचलला. इंचभर. पुन्हा टेकला. पुन्हा उचलला. औषध उतरू लागलं होतं. सोमाजीने ते पाहिलं आणि फेटा काढून हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि पहिल्या बसने गावी गेली. शेवंती कोठ्यात तीन पायांवर उभी होती. डावा पाय नुसता टोकावर धरलेला, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. बोराएवढी गाठ आता हाताच्या पंजाएवढी झाली होती. डॉक्टर दिव्यानी मॅडम दुपारी स्कूटीवरून आल्या. वयाने लहान, बोलायला सौम्य. त्यांनी पाय बोटांनी दाबत दाबत पाहिला, मान पाहिली, आणि आदल्या दिवशीचं सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. कमळाला वाटत होतं, रागवाव्यात.

"सोमाजीभाऊ," त्या हात धुताना म्हणाल्या, "इंजेक्शनने पाय बरा नव्हता झाला. पायाची खबर तिच्यापर्यंत पोचत नव्हती, एवढंच. कळ लागली असती तर तिने पाऊल टाकलंच नसतं."

"आता?" सोमाजीने विचारलं.

"शीर अर्धी फाटली आहे. भरून येईल, पण पुष्कळ महिने लागतील, आणि पाठीवर ओझं आता कधीच नाही." त्या थांबल्या. "त्याच्या आधी एक आहे. रात्री ती आडवी होते का?"

ठमाबाई म्हणाली, "नाई होत. रातभर उभीच होती."

"घोडं उभ्याने डुलकी घेतं, पण खरी झोप त्याला आडवं होऊनच लागते. हिला वाटतंय, बसले तर या पायावर उठता यायचं नाही. म्हणून ती बसत नाहीये. अशी उभीच राहिली तर सगळा भार उजव्या पायावर येईल आणि तोही जाईल. मग आपल्या हातात फारसं काही राहणार नाही." त्यांनी औषधं काढली. मानेच्या गाठीतला पू काढावा लागेल, जखम रोज धुवायची, त्याची वेगळी इंजेक्शनं. आणि दुखण्याचं औषध त्यांनी सिरिंजमध्ये भरून कमळाच्या हातावर ठेवलं. "ताई, हे थोडंच द्यायचं. तिला बसावंसं वाटेल एवढं. धावावंसं वाटेल एवढं नाही."

कमळाने सिरिंजमधली ती पातळी पाहिली. इतकी कमी. वॉर्डात दुखणं पूर्ण घालवायचं असतं; रुग्ण कण्हला की नातेवाईक धावत येतात, सिस्टर काहीतरी द्या. देता देता तिच्या आयुष्याची इतकी वर्षं गेली होती आणि द्यायचं किती नाही, याचा विचार तिने क्वचितच केला होता. आता रोज सकाळी ती तेवढंच भरायची. शेवंती दुखऱ्या डोळ्यांनी बघायची आणि कमळा तिला आणखी द्यायची नाही. हे करायला सगळ्यात जास्त बळ लागत होतं. साठलेली रजा होती, ती तिने घेऊन टाकली. सकाळी जखमेची पट्टी, मग इंजेक्शन, मग पायाला गार पाण्याची धार, दुपारी ठमाबाईने ढेपेत कालवलेली औषधाची पूड. कोठ्यात धानाच्या तनसाचा जाड थर अंथरला, की बसली तर लागू नये. शेवंती त्या थरावर उभी राहायची. रात्री केव्हातरी कमळाला जाग आली की ती कान देऊन ऐकायची, आणि अंधारात एका खुराचा भार बदलल्याचा आवाज यायचा. उभीच.

जखम धुताना सोमाजी घोडीचं तोंड छातीशी धरून उभा राहायचा, आणि एका सकाळी कमळाच्या लक्षात आलं की तो तोंड फिरवत नाही. सुई आत जाताना तो पाहत होता. डोळ्यांत पाणी होतं, पण पाहत होता.

"कुठी टोचाचं ते दाखव मले," तो म्हणाला. "तू किती रोज राहशील इथी?"

तिने त्याचा हात हातात घेतला आणि शेवंतीच्या मानेवर ठेवला. किती तरी वर्षांनी तिने भावाचा हात धरला होता. खरखरीत, जड, म्हातारा झालेला हात. "हे हाड लागते ना, त्या हाडावर नाई. ही खांद्याची कड, तिच्या मांगं नाई गेलं पायजे. हे मंदात, हे मऊ लागते, इथी." त्याची बोटं तिच्या बोटांखाली चाचपत होती. "इथी?" "हाव. घाबरू नोको. एकदम टोच, हळूहळू नाई. हळूहळू टोचलं त जास्त लागते." त्याने टोचलं. शेवंतीने कातडं थरथरवलं, बस. सोमाजीने दट्ट्या सावकाश दाबला, सुई काढली, जागा चोळली, आणि कोठ्याच्या दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"मी उतरवलं नाई त्याले," तो बाहेर बघत म्हणाला. "तू बी नाई सांगतलं."

"नाई सांगतलं," कमळा म्हणाली.

नागसेन बायकोला घेऊन आला तेव्हा कमळाची रजा संपत आली होती. बायको, रिना, हसऱ्या चेहऱ्याची, हातात मेंदी अजून गडद. बायनाबाईने गुळाची भेली पाठवली होती, खास शेवंतीसाठी. नागसेन कोठ्यात शिरला आणि जागीच थांबला. पट्टी बांधलेली मान, वर धरलेला पाय, बाहेर आलेल्या फासळ्या. त्याने एकदा सोमाजीकडे आणि एकदा कमळाकडे पाहिलं.

"हे वरातीत झालं का काका?"

"नाई बाप्पा, पाय आधीचाच दुखे तिचा," सोमाजी घाईने म्हणाला. "तू बस. चहा घे."

पण नागसेन खुळा नव्हता. तो शेवंतीजवळ उकिडवा बसला, पायाला हात लावू की नको असा हात अधांतरी धरून. मग म्हणाला, "मले सांगतलं असतं ना. मी उतरून गेलो असतो."

कमळाने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"खरंच सांगतो आत्या. मले त वरतं बसून भेवच लागून राह्यला होता. कवा उतरतो असं झालं होतं. रिनाले इचारा. मी हिले आधीच म्हणलं होतं, आपण पायीच जाऊ, दोस्तायसंग नाचत. मायसाठी बसलो." तो ओशाळून हसला. रिनानेही मान हलवली. "हो, म्हणाले होते."

सोमाजी खाटेवर बसला. कमळा त्याच्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग कपाळ आक्रसलं, आणि मग, तिला अगदी अनपेक्षित, तोंडाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. "पायी," तो स्वतःशीच म्हणाला. "नाचत." त्या शब्दाकडे तो असा बघत होता जणू त्याने तो आजवर एकाच अर्थाने ऐकला होता. कमळाच्या मनात कितीतरी दिवस घट्ट बसलेलं काहीतरी हललं. सुटलं नाही. नुसतं हललं. या पोराला शीव ठाऊक होती, बापाची गोष्ट ठाऊक होती, पण त्याच्या अंगात ती कळ नव्हती. ती नसावी म्हणूनच तर सोमाजीने घोडी आणली होती. मग चुकलं कुठे? नागसेनने गूळ फोडला, तळहातावर धरला, आणि शेवंतीने मान लांबवून ओठांनी तो हळूच उचलला.

मग कमळा चंद्रपूरला परतली. वॉर्ड तोच, पंख्यांची घरघर तीच. सोमाजी रोज फोनवर एवढंच सांगायचा, टोचलं, पट्टी केली, पानी मारलं. ती विचारायची, बसली का? तो म्हणायचा, नाई. रविवारी बसमधून उतरून ती धुऱ्याने चालत निघाली. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. लांबूनच तिची नजर मोहाच्या झाडाखाली गेली. हल्ली दिवसा घोडीला तिथे सावलीत बांधत. झाडाखाली कोणी उभं नव्हतं. ती दोन पावलं आणखी गेली आणि तिला तनसावर पांढरं काहीतरी आडवं पसरलेलं दिसलं. मान सरळ लांबवलेली, पाय ताठ, पोट वर. कमळाच्या हातातली पिशवी घसरली. तिला धावता येईना. ती चालत गेली, नेहमीसारखी, कुठलीच घाई नसल्यासारखी.

झाडाच्या बुंध्याला टेकून सोमाजी बसला होता. त्याने तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

तिने खाली पाहिलं. पांढरं पोट वर आलं, खाली गेलं. नाकपुडीजवळची तनसाची काडी हलली, थांबली, परत हलली. आणि एक आवाज येत होता, मोठा, खरखरीत, संथ. शेवंती घोरत होती. घोडी घोरते, हे कमळाला आजपर्यंत माहीत नव्हतं.

"कवापासून?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं.

"बस ना," तो कुजबुजला. "बोलू नोको."

"इंजेक्शनची वेळ झाली भाऊ."

"उठू दे तिले. आपल्या मनानं उठंल."

कमळाने चपला काढल्या, आवाज न करता त्याच्या शेजारी तनसावर बसली आणि डोकं बुंध्याला टेकलं. शेवंतीचा दुखरा पाय झोपेत हलकेच थरथरला, काहीतरी उडी मारून ओलांडावं तसा, आणि पुन्हा सैल पडला.